अंगणातील शाळा

मूल सहा वर्षांचे झाले म्हणजे त्याला शाळेत घालावे, अशी आपल्याकडे पूर्वापार रीत होती. त्यापूर्वीची वर्षे ही केवळ खाण्यापिण्याची आणि रडण्याहसण्याची, त्या वयात शिक्षण ते कसले, असे सुशिक्षित माणसेही म्हणत. हा समज खोटा आहे हे ज्यांनी महाराष्ट्राला प्रत्यक्ष कृतीने पटवून दिले, त्या ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते असल्यामुळे घरातील वातावरण सुधारकी होते. मुलींनी मराठी चौथीपलीकडे शिकणेही जेथे नवल वाटे, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे त्यांचा विवाह झाला, पण संसार सुखाचा झाला नाही. पदरी लहान मुलगी होती. १९२१ साली त्यांनी राजकोट येथे अध्यापिका तयार करणाऱ्या विद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. मानाची आणि चांगल्या पगाराची अशी ती नोकरी होती. दोनच वर्षांत ती त्यांनी सोडून दिली, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला असल्यास आश्चर्य नाही.

त्यांना ओढून नेले ते भावनगरच्या एका बालमंदिराने. तेथे गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ वकिली टाकून लहान मुलांत रमले होते. इटलीतील विदुषी माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत बालगृह काढले होते. त्यांच्या पद्धतीचा अभ्यास करून गिजुभाईंनी ती आपल्या देशात रुजवण्याचे मनावर घेतले होते. त्या बालमंदिरात छडी नव्हती आणि घोकंपट्टीही नव्हती. मुले आपल्या हातांनी पाणी ओतीत, बटणे लावीत, लहानमोठे ठोकळे ओळीने मांडीत. वरवर पाहता तो खेळ होता. परंतु एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात न सांडता पाणी ओतणाऱ्या बालकाचे मनगट स्थिर होते, दृष्टी एकाग्र होते आणि आपल्याला हे जमते असा विश्वास त्याच्या मनात उपजतो. पुढे लेखणी धरायची ती त्याच बोटांनी! ताराबाई १९२३ साली तेथे दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे संघाच्या मराठी शिक्षणपत्रिकेचे संपादन त्यांनी केले आणि मुलांना मारू नये, त्यांच्या खेळात विनाकारण ढवळाढवळ करू नये, ही गोष्ट आईबापांना परोपरीने सांगितली.

यानंतर मुंबईस दादर येथे त्यांनी शिशुविहार चालवला. तो नावारूपाला आला. पण ताराबाईंच्या मनाला एक बोच लागून राहिली होती. बालमंदिराची साधने महागडी, तेव्हा तेथे येणारी मुले खाऊनपिऊन सुखी अशा घरांतलीच असत. देश तर खेड्यांत राहतो. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या शहर सोडून समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या आणि पुढे जन्मभर त्यांच्या सहकारी झाल्या.

बालवाडी उघडली, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली; आईबाप पहाटेच कामावर गेलेले. बोलावणे पाठवून उपयोग होईना. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्या वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात जागा झाडून घ्यायची, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि मग खेळ मांडायचा. अंगणातली म्हणून ती अंगणवाडी.

तेथे ठोकळे कोठून आणणार? समुद्रकाठी शंखशिंपले होते, झाडाखाली बिया होत्या, ओढ्यात गोटे होते. चिंचोके एकीकडे व गुंजा दुसरीकडे निवडता निवडता आकार आणि रंग समजतात. काड्यांच्या जुड्या बांधताना मोजणी येते. डोळे मिटून पान चाचपले तर खरखरीत कोणते व गुळगुळीत कोणते हे बोटे सांगतात. बाजारात दाम मोजून घ्यावे लागणारे शिक्षण निसर्गाने फुकट मांडून ठेवले होते. ते पाहणारा डोळा मात्र हवा होता.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांपैकी पुष्कळशी गुरे राखीत. गुरे सोडून ती शाळेत येणार कशी? ताराबाईंनी यावरही तोच उपाय योजला. शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. बहिणींना शाळेत बसता यावे म्हणून तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यालगत बालवाडी आणि पुढे प्राथमिक शाळा, असे सारे एकत्र आणून त्याला विकासवाडी हे नाव दिले. भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण पदवीने गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्याच्या खेड्यांतूनही अंगणवाड्या आहेत. आई शेतात कापूस वेचावयास जाते, तेव्हा तिचे तीन वर्षांचे मूल तेथे इतर मुलांत बसून चिंचोक्यांची रांग मांडीत असते. रांग वाकडी झाली की ते स्वतःच ती मोडते आणि पुन्हा मांडू लागते.