चिठ्ठीचे पैसे कोणी द्यायचे?

लेस्टरमध्ये पोस्टमन दारातल्या फटीतून जे काही आत टाकतो, त्यात आपल्या नावाचं खरंखुरं पत्र क्वचितच असतं. बाकी सगळ्या जाहिराती. पैसे पाठवणारा भरतो, म्हणून घेणाऱ्याला नको म्हणायची सोयच नाही. ही व्यवस्था घडवली रोलंड हिल यांनी, आणि ती गरिबांच्या भल्यासाठी घडवली, हे मला इथे आल्यावर कळलं.

हिल यांचा जन्म ३ डिसेंबर १७९५ चा, किडरमिन्स्टरचा. वडील शाळामास्तर. बाराव्या वर्षीच मुलगा वडिलांच्या शाळेत शिकवू लागला. पुढे बर्मिंगहॅमची हेझलवूड शाळा या घराण्याने नावारूपाला आणली. पण हिल यांचं डोकं हिशेबात आणि यंत्रांत. १८३५ च्या सुमारास त्यांनी कागदाच्या सलग गुंडाळीवर छापणारं यंत्र बनवलं. वर्तमानपत्रांवरच्या कराचा सरकारी शिक्का त्या यंत्रातून उमटवायला सरकारने परवानगी दिली नाही आणि ते तिथेच अडलं.

तेव्हा टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा आणि बहुधा घेणाऱ्याने भरायचा. मुलाची चिठ्ठी दारात आलेली, पण हातात पैसे नाहीत म्हणून आई ती परत पाठवायची. खासदारांना मात्र टपाल फुकट!

हिल यांनी १८३७ मध्ये पुस्तिका काढली. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून न्यायला सरासरी खर्च येतो पेनीचा छत्तिसावा भाग, आणि आकारणी होते शिलिंगाहून जास्त. खरा खर्च वाहतुकीचा नव्हे, प्रत्येक पत्राचा दर ठरवण्याचा आणि दारोदार पैसे गोळा करण्याचा. म्हणून त्यांचा उपाय असा, की देशभर एकच दर ठेवायचा आणि तो पाठवणाऱ्याने आधीच भरायचा. टपालखात्याने खूप विरोध केला, पण १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाचं पत्र एका पेनीत जाऊ लागलं.

मे महिन्यात दोन गोष्टी एकदमच आल्या. मलरेडी या नामवंत चित्रकाराने सजवलेली छापील पाकिटं, आणि मागे डिंक लावलेला एक काळा चिटोरा. सगळ्यांची भिस्त पाकिटांवर. लोकांनी त्या भपकेबाज चित्राची इतकी टर उडवली की पाकिटं मागे घ्यावी लागली. उरलेले गठ्ठे नष्ट करायलासुद्धा सरकारला शेवटी खास यंत्र बनवावं लागलं! चिटोरा मात्र जगभर गेला. तेच पहिलं तिकीट.

१८३९ मध्ये सुमारे ७.६ कोटी पत्रं गेली होती, १८४० मध्ये १६.९ कोटी. पण उत्पन्न घसरलं आणि १८४२ मध्ये सरकारने हिल यांनाच घरी बसवलं. मग ते ब्रायटन रेल्वेत गेले, तिथे स्वस्त सहलगाड्या काढल्या. आमच्या लेस्टरच्या थॉमस कुक यांनी १८४१ मध्ये लफबरोची सहल काढली, तीही याच हिशेबावर: दर उतरवा, माणसं येतात. १८४६ मध्ये हिल यांना परत बोलावलं, १८५४ मध्ये ते खात्याचे सचिव झाले. स्वभाव हट्टी, सहकाऱ्यांशी खटके उडायचेच. १८६४ मध्ये ते निवृत्त झाले आणि २७ ऑगस्ट १८७९ रोजी वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना पुरलं.

त्यांची कल्पना आपल्याकडे आणली ती आधी साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या बार्टल फ्रिअर यांनी. १८५२ मध्ये त्यांनी सिंधमध्ये तिकिटं काढली, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानभर अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागलं, अंतर कितीही असो. पुढे मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याचं पत्र कोकणात पोचलं ते याच जोरावर. तिकीट न लावलेल्या 'नॉटपेड' पत्राची धास्ती घरच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल.

२०२५ मध्ये इथे पहिल्या वर्गाचं तिकीट १ पौंड ७० पेन्सला होतं, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून दुसऱ्या वर्गाचं टपाल रोज न वाटता दिवसाआड वाटायला सुरुवात झाली आहे. त्याआधी टपाल कचेऱ्यांत बसवलेल्या 'होरायझन' या महागड्या संगणकयंत्रणेच्या चुकीच्या हिशेबांच्या काळात ९०० हून जास्त पोस्टमास्तर दोषी ठरले. त्यांत आपले भारतीयही होते. हिल यांनी हिशेब पुन्हा मांडून पाहिला आणि खात्याची चूक दाखवली. इथे यंत्राचा हिशेब तपासायच्या आधीच माणसांना चोर ठरवलं.

टपाल सुधारायला निघालेल्यांनी हिल यांचा चिटोरा आणि ती पाकिटं, दोन्ही समोर ठेवावीत. जाहिरातींचा कचरा मी रोज उचलीन, त्याचं काही नाही. पण आईला मुलाचं पत्र परवडावं, हा मूळ हेतू त्या कचऱ्याबरोबर टाकून देऊ नये.