कात्रीचे कर्तेपण

चित्रपटाचे श्रेय वाटताना संकलकाची आठवण शेवटी होते. पुष्कळदा ती होतही नाही. एस्फिर शुब (१८९४-१९५९) या सोव्हिएत संकलिकेचे चरित्र या वाटणीलाच आव्हान देते. १९२२ पासून परदेशी चित्रपटांची काटछाट करून ते सोव्हिएत प्रेक्षकांसाठी सिद्ध करणे, हे त्यांचे काम. १९२४ मध्ये आयझेनस्टाइन यांनीही त्यांच्या टेबलाशी बसून संकलनाचे धडे घेतले. पुढे सुमारे ६० हजार मीटर जुनी चित्रफीत डोळ्यांखालून घालून त्यांनी १९२७ साली 'रोमानोव्ह राजवंशाचे पतन' हा चित्रपट जुळविला. जहाजावर नाचून घामाघूम झालेल्या उमरावांपाठोपाठ त्यांनी राबणारे कष्टकरी दाखविले आणि सत्ताधीशांच्या हौसेची दृश्ये त्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभी राहिली. मात्र या कृतीवरील शुब यांचा कर्तेपणाचा हक्क मान्य करण्यास निर्मितीसंस्था राजी नव्हती. त्यांनी जुनेच तुकडे जोडले होते, हे खरे. परंतु ते तुकडे सुटे असताना जो अर्थ कोठेच नव्हता, तो कोणाच्या श्रमातून आला? निवड आणि मांडणी यांना निर्मिती न मानणारा हिशेब अपुराच नव्हे, अन्यायाचाही आहे.