सव्विसाव्या वर्षी धुळाक्षरे : पार्वतीबाई आठवले

अंधेरीच्या शेजारी, सांताक्रूझला जुहूच्या रस्त्यावर, श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाचे आवार आहे. त्याचे संस्थापक अण्णासाहेब कर्वे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या मेहुणीची कथा मात्र थोड्यांनाच माहीत आहे.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० सालचा, देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न झाले, विसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले. पदरी एक मुलगा, केशवपन झालेले, अक्षर ओळखीचे नाही. अशा बाईने एका कोपऱ्यात बसून दिवस कंठायचे, हीच त्या काळची रीत. बहीण गोदूबाई विधवा असताना शिकली होती, १८९३ साली तिचा अण्णांशी पुनर्विवाह झाला होता. बहिणीला जमले ते मला का जमू नये, हा विचार मनात आला, तिथेच निम्मे काम झाले म्हणायचे.

सव्विसाव्या वर्षी बाईंनी पुण्यात मुळाक्षरे गिरवायला घेतली. एवढ्या वयात पाटी हाती धरायची लाज वाटत नसेल काय? पण आज एक अक्षर आले, तर उद्या दुसरे येईल, एवढाच हिशेब. पहिल्यांदा वारीला निघालेल्याला दिवे घाट पाहून धडकी भरते. पण माथ्यावर पोचला की पुढची चाल त्याला जड वाटत नाही. बाईंचे तसेच झाले. वाचता येऊ लागले, मग शिकवता येऊ लागले. हिंगण्याच्या आश्रमाची व्यवस्था अंगावर आली, तीही पेलली. पुढे आश्रमासाठी गावोगाव फिरून, सभेत उभ्या राहून त्या वर्गणी मागू लागल्या. आपण म्हणतो, माझ्या डोक्यात काही शिरत नाही. पुष्कळदा उणीव डोक्याची नसते, धीराची असते. आणि तो धीर कोणी उपदेश करून येत नाही, हातून काही झाले म्हणजेच येतो.

१९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला निघाल्या! इंग्रजी धड येत नव्हते. ते तिकडेच शिकायचे आणि संस्थेसाठी मदतही मिळवायची, असा बेत. जवळ पैसा बेताचा. परक्यांच्या घरी मोलकरणीचे काम करून दिवस काढले, पण परत फिरल्या नाहीत. १९२० साली मायदेशी आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या.

पुढे त्यांनी ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिले. १९३० साली त्याचे इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कला छापून निघाले.