गोलसमोर चकवा देणारा डिफेंडर

बॉल पायात आला की लांब भिरकवायचा, डिफेंडर असाल तर कोचने तुम्हाला हेच शिकवलं असणार. ब्राझीलच्या दोमिंगोस दा गियाने ते ऐकलंच नाही! रिओतल्या बांगू या कापडगिरणीच्या वस्तीत १९१२ साली जन्मलेला हा गडी स्वतःच्या गोलसमोर फॉरवर्डला चकवून निवांत बाहेर यायचा. बघणाऱ्यांचा जीव टांगणीला. या चालीला ‘दोमिंगादा’ असं नावच पडलं. उरुग्वे, ब्राझील, अर्जेंटिना, तिन्ही देशांत तो चॅम्पियन संघात खेळला. पण १९३८च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये या थंड डोक्याच्या माणसाचा तोल सुटला. त्याने इटलीच्या पिओलाला लाथ मारली, पेनल्टीवर मेआत्झाने गोल केला आणि ब्राझील २-१ने हरला. तो २००० साली गेला. मुलगा अदेमीरही पाल्मेरासचा स्टार झाला, पण मिडफिल्डर बरं का!