दानशूर सर जमशेटजी जीजीभाई

धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी परधर्मीय उपकारकर्त्याचे स्मरण करणे अनुचित नव्हे. मोतमाउलीच्या दर्शनास माहीमहून वांद्र्यास जाणारे कित्येक यात्रेकरू खाडीवरील ज्या रस्त्याने जातात, तो एका पारशी कुटुंबाच्या औदार्याचे फळ आहे.

सर जमशेटजींचा जन्म १७८३ साली झाला. सोळाव्या वर्षी मातापित्यांचे छत्र हरपले, तेव्हा मुंबईत मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात ते शिरले. पुढे त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या; एकदा फ्रेंचांनी जहाजच पकडून नेले. कापूस व अफू यांच्या व्यापारात त्यांनी अपार धन मिळविले. त्यांच्या भागीदारांत जैन व मुसलमान होते, तसे गोव्याचे कॅथलिक रोजेरियो द फारियाही होते. अफूने चीनमध्ये अगणित संसार धुळीस मिळविले. हा डाग कोणासही झाकता येणार नाही.

तथापि त्यांचा हात सदैव मोकळा राहिला. त्यांच्या देणगीतून मुंबईचे रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. त्याच वर्षी पत्नी अवाबाई यांच्या १,५७,००० रुपयांतून माहीमचा तो रस्ता खुला झाला. पुण्यास पाणी मिळावे म्हणून मुळा-मुठेवरील बंधाऱ्यासही त्यांनी मोठी रक्कम दिली. तीच नदी पुढे आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव सांडस येथे, भीमेस मिळते.

१८४२ साली 'सर' ही पदवी मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. १८५९ साली ते निवर्तले.

तहानलेल्यास व रुग्णास त्यांनी धर्म विचारला नाही. आपणही विचारू नये. मात्र जे द्यावयाचे ते निर्मळ मार्गाने मिळवावे.