लीळासंग्राहक म्हाइंभट : पांडित्याकडून आनंदाकडे

जीव सुखाची इच्छा करतो, परंतु नित्य सुख कोठे आहे हे त्यास कळत नाही. धन मिळाले तरी ते पुरेसे वाटत नाही. मान मिळाला की तो टिकावा ही चिंता लागते. पुण्यकर्मे करून देवतांची फळे जोडली, तरी तीही भोगून सरतात. अक्षय आनंद एका परमेश्वराजवळच आहे, हा ब्रह्मविद्येचा सिद्धांत होय. मात्र सिद्धांत बुद्धीस पटणे निराळे आणि तो आचारात उतरणे निराळे. हे अंतर कसे ओलांडावे, याचा उत्तम आदर्श पंथाचे आद्य चरित्रकार म्हाइंभट यांच्या जीवनात आढळतो.

तेराव्या शतकात, यादवांच्या राज्यात, सराळे येथील म्हाइंभट हे नामांकित शास्त्री होते. गणपती आपयो यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्यांचे अध्ययन झाले होते. घरी संपन्नता होती, सभेत मान होता. परंतु ज्या विद्येचे सुख दुसऱ्याच्या पराभवावर अवलंबून असते, ती विद्या जीवास स्वस्थता कशी देणार? प्रत्येक विजयानंतर नव्या प्रतिपक्षाची अपेक्षा राहतेच.

असा प्रतिपक्ष त्यांस श्रीनागदेवाचार्यांच्या रूपाने भेटला. आचार्यांशी झालेल्या वादात म्हाइंभट निरुत्तर झाले. पांडित्याचा अभिमान धरणाऱ्यास पराभव म्हणजे मरणप्राय दुःख. परंतु म्हाइंभटांच्या ठिकाणी सत्याची चाड अभिमानाहून बलवत्तर ठरली. पराभवात त्यांनी अपमान पाहिला नाही, वाट पाहिली. आणि त्या वाटेने जाऊन त्यांनी आचार्यांचे शिष्यत्व स्वीकारले.

इ. स. 1274 च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्यानंतर आचार्य व भक्तजन ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथे आचार्य एकांती स्वामींच्या लीळांचे मनन करीत. हे म्हाइंभटांच्या लक्षात आले, आणि त्यांच्या मनात एक विचार उभा राहिला. ज्यांनी स्वामींस डोळ्यांनी पाहिले ते भक्त एकेक करून देह ठेवतील. मग पुढील साधकांनी स्मरण कशाचे करावे? आचार्यांच्या अनुज्ञेने त्यांनी लीळा एकत्र करण्याचे कार्य अंगीकारले. आयुष्याचे प्रयोजन त्यांस सापडले ते असे.

स्वामींच्या सन्निधानात राहून सेवा करण्याचे भाग्य त्यांस लाभले नव्हते. म्हणूनच ज्यांस ते लाभले त्यांजकडे ते गेले. शास्त्री असूनही सामान्य स्त्रीपुरुषांपुढे श्रोते होऊन बसले. कोणती लीळा, कोणत्या स्थानी, कोणाच्या समक्ष घडली हे बारकाईने विचारले, आणि मिळालेल्या लीळा आचार्यांकडून पडताळून घेतल्या. जी बुद्धी पूर्वी प्रतिपक्षाचे दोष शोधण्यात रमत असे, तीच आता सत्य जसेच्या तसे राखण्यात रमू लागली. आपल्या पांडित्याचा रंग त्यांनी त्यास चढू दिला नाही. सुमारे शके 1200, म्हणजे इ. स. 1278 मध्ये, ऋद्धिपुरी एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा रूपाने लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी गद्यातील हे आद्य चरित्र होय. श्रीगोविंदप्रभूंच्या निर्याणानंतर त्यांचे चरित्रही म्हाइंभटांनीच लिहिले.

पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. लौकिक दृष्टीने एका आयुष्याचे श्रम व्यर्थ गेले असे म्हणावे लागेल. परंतु त्या लीळा शिष्यपरिवाराच्या स्मरणात वसल्या होत्या. हिराइसादी भक्तांच्या स्मरणातून त्यांचे पाठ पुन्हा उभे राहिले. तत्पूर्वीच केशिराजबासांनी लीळाचरित्रातील स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला होता. पोथी नाशिवंत होती. स्मरण नाशिवंत नव्हते.

सर्व मर्म येथे आहे. केवळ ग्रंथकार म्हणून कीर्ती व्हावी यासाठी म्हाइंभट झटले असते, तर त्यांचे सुखही पोथीबरोबर नष्ट होण्याजोगेच राहिले असते. त्यांनी परमेश्वराच्या स्मरणासाठी श्रम केले. म्हणून प्रत्येक लीळा ऐकताना, पडताळताना व लिहिताना कार्य हेच त्यांचे स्मरण झाले. आपली विद्या, वाणी किंवा हातातील कसब कोणासाठी वेचले जात आहे, हे साधकाने नित्य तपासावे. ती मानासाठी वेचली तर मानाबरोबर सरते. परमेश्वरासाठी वेचली तर सेवा होते, आणि सेवेतील आनंदास क्षय नाही.