राजा भोज: लाखांची दंतकथा आणि शेतांचे दान

राजा भोजाचे नाव मराठी माणसाला आधी म्हणीतून कळते आणि मग सिंहासनबत्तिशीतून. त्याच्या दरबारात कालिदास होता आणि राजा एकेका अक्षराला लक्ष मुद्रा देत असे, अशी त्याची ख्याती. वस्तुतः कालिदास त्याच्या कित्येक शतके आधीचा. लक्ष मुद्रांच्या कथाही बल्लाळाने सोळाव्या शतकात भोजप्रबंधात रंगविल्या, तेव्हा भोजाला जाऊन पाचशे वर्षे होत आली होती. इतिहासातला भोज ताम्रपटांत भेटतो. तेथे त्याचे दान शेतजमिनीत मोजलेले आहे, आणि कथेतल्या लाखांहून ते अधिक विचार करायला लावणारे आहे.

परमार घराणे माळव्याचे. भोजाचा चुलता वाक्पती मुंज स्वतः कवी आणि कवींचा आश्रयदाता होता. कल्याणीच्या चालुक्य तैलपाशी झालेल्या युद्धात तो पकडला गेला आणि मारला गेला. त्याच्यामागून भोजाचा पिता सिंधुराज गादीवर आला व इ.स. १०१० च्या सुमारास भोज राजा झाला. गुजरातमधील मोडासा येथे मिळालेला त्याच्या काळातील ताम्रपट त्याच सुमाराचा आहे. उज्जयिनीऐवजी आता धारा नगरी राजधानी म्हणून नावारूपाला आली. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या अल्बेरुनीनेही धारा आणि तेथे राज्य करणारा भोजदेव यांची नोंद केली आहे.

भोजाच्या तलवारीचा एक वार कोकणावरही पडला. गोव्यात त्या काळी कदंबांचे राज्य होते. भोजाची स्वारी होती ती उत्तर कोकणच्या शिलाहारांवर. तिच्या यशाप्रीत्यर्थ त्याने १०२० साली दोन दाने दिली. त्यांचे ताम्रपट राजस्थानातील बांसवाडा येथे आणि इंदूरहून धारला जाताना लागणाऱ्या बेटमा येथे सापडले. दोहोंत कोकणविजयाच्या पर्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण हा विजय फार काळ टिकला नाही. १०२४ च्या मिरज ताम्रपटात चालुक्य जयसिंह कोकण जिंकल्याचे सांगतो. अवघ्या चार वर्षांत ते पर्व ओसरले, आणि त्या निमित्ताने दिलेल्या जमिनींचे लेख मात्र हजार वर्षांनंतरही वाचता येतात.

बांसवाडा ताम्रपटातले दान शंभर निवर्तने जमिनीचे आहे. दान घेणाऱ्याचे नाव, पित्याचे नाव, गोत्र, वेदशाखा आणि मूळ गाव इतके तपशील अशा पटांत काळजीपूर्वक कोरलेले असतात. गावकऱ्यांनी धान्याचा भाग, कर आणि रोख देणे यापुढे याच गृहस्थाला द्यावे, अशी आज्ञा असते. शेवटी स्वतः राजाची निशाणी आणि साप धरलेला गरुड, ही परमारांची मुद्रा. उज्जैन येथे मिळालेल्या पटातील धनपती भट्ट कर्नाटकातून आलेला होता. देपालपूरच्या पटातील ब्राह्मणाचे मूळ गाव मान्यखेट, म्हणजे आजचे मालखेड. हेच मान्यखेट भोजाचा आजा सीयक याने ९७२ साली लुटले होते. आज्याने ज्या नगरीची लूट केली, तेथून आलेल्या विद्वानाच्या चुलीची सोय नातवाने केली.

या दानांना मर्यादाही होत्या. ती मुख्यतः एका वर्णाच्या वाट्याला येत आणि त्यांचा भार अखेर शेत कसणाऱ्यावर पडे. ताम्रपटांत हेतू लिहिलेला असतो तो मातापित्यांच्या व स्वतःच्या पुण्यवृद्धीचा. विद्येचा प्रसार हा शब्द तेथे नाही. तरीही परिणाम विद्येच्या पदरात पडला. ज्याला उद्याच्या जेवणाची चिंता नाही, तोच वर्षानुवर्षे एका शास्त्राला वाहून घेऊ शकतो.

तसे वाहून घेणारे लोक भोजाच्या माळव्यात होते. उवटाने वाजसनेयी संहितेवरील आपले भाष्य भोजाच्या राजवटीत अवंतीत लिहिले. जैन पंडित धनपालाने मान्यखेटाच्या लुटीच्या वर्षी आपल्या धाकट्या बहिणीसाठी प्राकृत शब्दांचा कोश रचला होता. त्याच धनपालाने पुढे उतारवयात भोजासाठी तिलकमंजरी लिहिली. नाशिक जिल्ह्यातील कळवण येथे भोजाच्या मांडलिकांच्या काळातला जो ताम्रपट मिळाला, त्यात जैन मंदिराला दिलेल्या दानाची नोंद आहे.

राजा स्वतःही लेखक होता. वास्तुशास्त्र आणि यंत्रे यांवरचे समरांगणसूत्रधार, साहित्यशास्त्रावरचा छत्तीस प्रकाशांचा शृंगारप्रकाश, शके ९६४ हे आरंभवर्ष धरून रचलेला राजमृगांक हा ज्योतिषग्रंथ, असे कितीतरी ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. त्यांतले सारे एकट्याने लिहिणे एका राजाला शक्य होते का, ही शंका रास्त आहे. पंडितांचा हात त्यांत असणारच. पतंजलीच्या योगसूत्रांवरील राजमार्तंड या त्याच्या वृत्तीत मनाच्या पाच व्यापारांचा विचार येतो. त्यांतला एक म्हणजे स्मृती. अनुभवलेली गोष्ट मनातून निसटू न देणे, हे मनाचेच एक कार्य म्हणून तेथे तपासले आहे.

अखेरची वर्षे कठीण गेली. कल्याणीच्या सोमेश्वराने धारा लुटली. पुढे गुजरातचा भीम आणि चेदीचा कर्ण यांनी मिळून माळव्याला वेढले आणि त्याच धामधुमीत, १०५५ च्या सुमारास, भोजाचा अंत झाला. भोजपूरचे त्याचे शिवालय अपुरेच राहिले. मात्र दानाची रीत चालू राहिली. पुढच्या पिढीतील नरवर्म्याचा एक दानपट देवास येथे सापडला आहे. धार येथे भोजशाला किंवा कमाल मौला मशीद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत सर्पाकृतीत कोरलेले वर्णमालेचे आणि विभक्ती-प्रत्ययांचे तक्ते आहेत. शिकणाऱ्या मुलांसाठी व्याकरण दगडात मांडलेले आहे, आणि त्यांचा संबंध भोजानंतरच्या उदयादित्य व नरवर्मा यांच्याशी लावला जातो.

पुढे धार आणि देवासची थोरली व धाकटी पाती येथे राज्य करणाऱ्या मराठे पवारांनी आपले मूळ याच परमारांशी जोडले. धार संस्थानच्या शिक्षण खात्यातील काशिनाथ कृष्ण लेले यांच्यामुळे १९०३ साली पारिजातमंजरी हे शिळेवर कोरलेले नाटक उजेडात आले. भोजाच्या नगरीची हरवलेली आठवण अशी एका लहान संस्थानातल्या शिक्षणाधिकाऱ्याने परत आणली.

भोजप्रबंधातच एक वेगळी कथा आहे. भोजाला असह्य मस्तकशूळ जडला. वैद्य हरले, तेव्हा संतापलेल्या राजाने वैद्यकाचे ग्रंथ नदीत टाकण्याची आणि वैद्यांना राज्याबाहेर घालविण्याची आज्ञा केली. मग अश्विनीकुमार वेषांतर करून आले. त्यांनी राजाला बेशुद्ध करून कवटी उघडली आणि आत शिरलेला मासा काढला. ही दंतकथाच, पण उपचार सापडला नाही की विद्येवरच रागावणारा आश्रयदाता तिने अचूक टिपला आहे.

तो राग आजच्या काळालाही अनोळखी नाही. स्मृतिभ्रंशासारखा आजार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. त्यावर विद्यापीठांत काम सुरू करणाऱ्या तरुण अभ्यासकाला लाखांच्या अक्षरदानाची अपेक्षा नसते. वर्ष-दोन वर्षांची छोटी शिष्यवृत्ती, काही चाचण्यांचा खर्च, मार्गदर्शकाजवळ शिकण्याची मुभा, एवढ्यावर पुष्कळ कामे उभी राहतात. ती मध्येच थांबली, की अभ्यासक दुसरीकडे वळतो आणि जमविलेले ज्ञान विखुरते. घरातली आई मुलाला ओळखेनाशी होते, तेव्हा त्या थांबण्याची किंमत कळते.

भोजाच्या काळातल्या दानपटांत सर्वांत कळकळीचा भाग शेवटी येतो. पुढे येणाऱ्या राजांनी, ते कोणत्याही वंशाचे असोत, हे दान मोडू नये, अशी ती विनवणी आहे. राज्य आपल्या हातून जाऊ शकते, हे भोज जाणत होता. कोकण तर त्याच्या डोळ्यांदेखत गेले. म्हणूनच दानाचा शब्द त्याने तांब्यावर कोरून ठेवला. विद्येला किती दिले यापेक्षा ते किती काळ पोचत राहिले, याचीच चिंता त्या विनवणीत आहे.